वाचकांचे प्रश्न : डॅरी कोणाला दिसतो?

प्रश्न : माझे वय ६१ वर्षे आहे. यंदा सहा महिने मी न्यू जर्सीला मुलीकडे राहून आले. आठवीत शिकणाऱ्या माझ्या नातीला शाळेत 'दि आउटसायडर्स' ही कादंबरी वाचायला दिली होती. दुपारी घरात कोणी नसे, म्हणून शब्दकोश शेजारी ठेवून मीही ती वाचून काढली. आईवडील मोटार-अपघातात गेलेल्या तीन भावांची ती गोष्ट आहे. थोरला डॅरी दोघा धाकट्यांना सांभाळतो, आणि गोष्ट सांगणारा सर्वांत धाकटा पोनीबॉय मात्र त्याला निष्ठुर समजतो. इस्पितळातला प्रसंग वाचताना मला रडू आवरेना. ते पाहून नात म्हणाली, "आजी, तू भलत्याच माणसासाठी रडतेस. डॅरी तर दुष्ट आहे." मी १९ वर्षांची असताना माझे वडील वारले. कॉलेज सोडून मी नोकरी धरली आणि दोन धाकट्या भावांची शिक्षणे पुरी केली. ते मला अक्का म्हणतात. लहानपणी ते मला फार भीत असत आणि आजही माझ्याशी मोकळेपणाने बोलत नाहीत. मी हे पुस्तक चुकीचे वाचले का? मुलांच्या पुस्तकात माझ्या वयाच्या बाईने इतके गुंतावे का? आणि नातीला माझे हे सगळे सांगावे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण पुस्तक चुकीचे वाचलेले नाही. आपल्या नातीनेही ते चुकीचे वाचलेले नाही, आणि आपल्या दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे माझ्या मते याच गोष्टीत आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एस. ई. हिंटन यांनी ही कादंबरी लिहायला घेतली तेव्हा त्या १५ वर्षांच्या होत्या आणि तिचा मोठा भाग त्यांनी १६व्या वर्षी, ओक्लाहोमा राज्यातील टल्सा या आपल्या गावी शाळेत शिकत असतानाच लिहिला. व्हायकिंग प्रेसने १९६७ मध्ये ती प्रसिद्ध केली, त्या वेळी लेखिकेचे वय १८ होते. टोळीतल्या मुलांची गोष्ट एका मुलीने लिहिली आहे हे कळले तर परीक्षक ती गांभीर्याने घेणार नाहीत, या भीतीने प्रकाशकांनी सुझन हे नाव झाकून केवळ आद्याक्षरे छापली. हा तपशील मी मुद्दाम सांगतो आहे, कारण वयाने मोठे होण्याविषयीच्या बहुतेक कादंबऱ्या मोठ्या माणसांनी मागे वळून लिहिलेल्या असतात आणि त्यांत मोठ्या माणसाचे शहाणपण कळत नकळत मिसळलेले असते. हिंटन यांच्यापाशी मागे वळून पाहण्याइतके अंतरच नव्हते. पुस्तक लिहिले जात होते त्याच काळात त्यांचे वडील दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळले होते आणि त्यातच ते गेले. घरातले कर्ते माणूस नाहीसे झाले म्हणजे मागे उरलेल्यांचे एकमेकांशी वागणे कसे बदलते, हे या मुलीला कोणी शिकवावे लागले नाही.

आता डॅरीविषयी. तो २० वर्षांचा आहे. शाळेत असताना तो फुटबॉलच्या संघात होता, बुद्धीने चांगला होता, आणि परिस्थिती वेगळी असती तर कॉलेजात गेला असता. आईवडील जाऊन आठ महिने झाले आहेत. तो घरांची छपरे बसवण्याचे काम करतो आणि एका वेळी सामानाचे दोन-दोन गठ्ठे खांद्यावर घेऊन शिडी चढतो. मधला सोडापॉप १६ वर्षांचा असून शाळा सोडून पेट्रोल पंपावर लागला आहे, आणि धाकटा पोनीबॉय १४ वर्षांचा आहे. यांपैकी कोणी पोलिसांच्या भानगडीत सापडला, तर सरकार दोघा धाकट्यांना मुलांच्या वसतिगृहात पाठवील, ही टांगती तलवार डॅरीच्या डोक्यावर आहे. पोनीबॉय मात्र एवढेच सांगतो, की डॅरीचे डोळे हिरवट-निळ्या बर्फाच्या तुकड्यांसारखे आहेत, तो हसत नाही आणि माझे काहीही त्याला पसंत पडत नाही. एका रात्री मित्राशी बोलता बोलता मोकळ्या मैदानात झोप लागल्यामुळे पोनीबॉय फार उशिरा घरी येतो, काळजीने जागत बसलेला डॅरी संतापतो आणि त्याच्या तोंडात मारतो. त्या घरात त्यापूर्वी कोणी कोणावर हात उचललेला नसतो. पोनीबॉय पळून जातो. त्यानंतर बागेतला हल्ला, त्याचा मित्र जॉनी याच्या हातून श्रीमंत टोळीतल्या बॉबचा झालेला खून आणि पोनीबॉय व जॉनी यांचे एका ओसाड चर्चमध्ये लपणे हे सगळे त्या एका थपडेपासून सुरू होते.

तारुण्यात वाचणारा या ठिकाणी पोनीबॉयबरोबर धावत सुटतो. मी स्वतः ही कादंबरी पहिल्यांदा विशीत वाचली तेव्हा डॅरी मला जवळजवळ लक्षातच राहिला नव्हता. मला आवडला होता तो पोनीबॉयच्या टोळीतला, कोणालाच न जुमानणारा डॅली. पन्नाशी ओलांडल्यावर पुन्हा वाचली तेव्हा मी धावलो नाही. डॅरीबरोबर त्या रिकाम्या घरात दाराशी उभा राहिलो. पुस्तकातील एकही शब्द बदललेला नव्हता. डॅरीचा सारा वृत्तान्त त्या मुलीने आधीच तिथे लिहून ठेवलेला होता, पण तो अशा मुलाच्या तोंडून, ज्याला आपण काय सांगतो आहोत हे अजून उमगलेले नाही. दोन गठ्ठ्यांचा उल्लेख पोनीबॉय सहज जाता जाता करतो. आपल्यासारख्या वाचकाला त्याच वाक्यावर थांबावे लागते. कारण एका गठ्ठ्याऐवजी दोन उचलले की रोजगार किती वाढतो आणि पाठ किती दुखते, हा हिशेब आपण कधी तरी केलेला असतो.

आपण ज्या प्रसंगाने रडलात, तो या कादंबरीचा कणा आहे. आग लागलेल्या चर्चमधून लहान मुलांना बाहेर काढताना पोनीबॉय आणि जॉनी जखमी होतात. इस्पितळात दोघे भाऊ भेटायला येतात. सोडापॉप पोनीबॉयला उचलून मिठी मारतो, तर डॅरी खिशात मुठी आवळून दाराशीच उभा राहतो. तो रडतो आहे हे पोनीबॉयच्या लक्षात येते, आणि त्याच क्षणी त्याला आठवते की आईवडिलांच्या अंत्यविधीलाही हा रडला नव्हता. आणखी एक जिवाभावाचे माणूस हातचे जाईल ही भीती म्हणजेच तो ज्याला कठोरपणा समजत होता ते, हे त्याला तिथे कळते. आपल्या नातीचे मत या पानापर्यंत येऊनही बदललेले नसेल, तर त्यात वावगे काही नाही. आठवीतल्या मुलीला कोणाच्या तरी हाताखाली राहावे लागते. कोणाला तरी हाताखाली सांभाळावे लागण्याचा अनुभव तिला अजून यायचा आहे.

येथे एक गोष्ट आपल्याला जरा अवघड वाटेल, तरीही ती लिहितो. आपण डॅरीसाठी रडलात तेव्हा स्वतःच्या १९व्या वर्षासाठीही रडलात, आणि ते योग्यच झाले. त्या वयात तुम्हाला रडायला सवड नव्हती. पण ही कादंबरी आपल्याला डॅरीच्या बाजूने पुरावा म्हणून मिळालेली नाही. ती डॅरी खालून कसा दिसतो हे दाखवते. आपल्या भावांना घरात अक्का कशी दिसत होती, तिची पावले वाजली की त्यांच्या बोलण्याचा आवाज का बसत होता, हे आपल्याला आजवर कोणी सांगितलेले नसावे. पोनीबॉय ते सांगतो. त्या थपडेमागची काळजी खरी होती आणि तिची लागलेली कळही खरी होती. हिंटन यांनी या दोहोंपैकी एकीलाही दुसरीखाली दडपलेले नाही, आणि मला तर वाटते की १६ वर्षांच्या मुलीने लिहिले म्हणूनच ते जमले. एखाद्या प्रौढ लेखकाला डॅरीला अधिक लवकर निर्दोष ठरवण्याचा मोह झाला असता.

दुसरी गोष्ट, जी मलाही फार उशिरा दिसली. डॅरी स्वतःच अजून मुलगा आहे. मोठे होण्याच्या कादंबरीत मोठा होतो तो पोनीबॉय असे आपण धरून चालतो, परंतु ज्याला मोठे व्हायला वेळच दिला गेला नाही त्याची गोष्ट कादंबरीच्या कडेकडेने चाललेली असते. दोन टोळ्यांच्या मारामारीच्या वेळी डॅरीसमोर त्याचा जुना फुटबॉलचा सोबती पॉल होल्डन उभा राहतो. पॉल कॉलेजात गेलेला, डॅरी छपरांवर. दोघे एकमेकांकडे बघत गोल फिरत राहतात, आणि डॅरीला त्याचा केवळ राग नाही, हेवा वाटतो आणि आपल्या बाजूला उभ्या असलेल्या पोरांची लाजही वाटते, हे पोनीबॉय ओळखतो. सगळ्या कादंबरीत मला हा अर्ध्या पानाचा प्रसंग सर्वांत प्रौढ वाटतो. कॉलेज सोडल्यानंतर आपल्या वर्गातली एखादी मैत्रीण पुस्तके छातीशी धरून समोरून आली असेल, तर त्या प्रसंगाविषयी आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

म्हणून "मुलांचे पुस्तक" या शब्दांनी संकोचून जाऊ नये. कुमारांसाठी लिहिलेले पुस्तक सोपे असते ते भाषेने. त्यातल्या माणसांचे वय वेगवेगळे असते, आणि वाचणारा ज्या वयाचा असेल त्या वयाचे माणूस त्याला त्यात भेटते.

नातीला सांगावे का? जरूर सांगावे, पण डॅरीचे वकीलपत्र घेऊन सांगू नये. "बघ, मोठ्यांना किती सोसावे लागते" या वाक्याने सुरुवात झाली, की ती पुस्तक मिटेल आणि तिचे बरोबर असेल. आधी तिला विचारावे की डॅरीचा तुला सर्वांत जास्त राग कोणत्या पानावर आला. तिचे उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे, मध्ये बोलू नये. मग पुस्तक बाजूला ठेवून १९ वर्षांच्या एका मुलीची गोष्ट सांगावी : पहिल्या पगाराचे पाकीट कसे होते, त्यातून फी भरल्यावर काय उरले, भावाला कोणत्या कारणावरून पहिल्यांदा मारले आणि त्या रात्री झोप लागली की नाही. त्यात आजी नसावी. ती मुलगी एकटी असावी. डॅरी आणि ती मुलगी जवळजवळ एकाच वयाची आहेत हे नात स्वतःच ताडेल.

भावांचे आपण विचारलेले नाही, म्हणून त्याविषयी एवढेच लिहितो. कादंबरीच्या शेवटाकडे सोडापॉप रडत घराबाहेर पळतो आणि दोघांना सांगतो, की तुमच्या भांडणात माझी दोन्हीकडून ओढाताण होते. त्यावर डॅरी आणि पोनीबॉय एकमेकांना काही कबुली देत बसत नाहीत. तिघे घरापर्यंत शर्यत लावून पळतात.

प्रश्न : माझा १३ वर्षांचा मुलगा ही कादंबरी वाचतो आहे. तिच्यात चाकू, मारामाऱ्या, मुलांचे सिगरेट ओढणे आणि तीन तरुणांचे मृत्यू आहेत. ती त्याच्याकडून काढून घ्यावी का? (एक पालक, ठाणे)

उत्तर : काढून घेऊ नये. त्याच्या मागोमाग आपणही वाचावी.

आपली शंका नवी नाही. अमेरिकेतही या पुस्तकाला शाळांमधून वारंवार विरोध झाला आहे. १९८६ साली विस्कॉन्सिन राज्यातील साऊथ मिलवॉकी येथे जो आक्षेप घेतला गेला, त्यात मद्य आणि अमली पदार्थ यांच्या उल्लेखांबरोबरच जवळजवळ सर्व पात्रे मोडलेल्या घरांतली आहेत हाही मुद्दा होता. हा शेवटचा मुद्दा मला नेहमी विचारात पाडतो. जॉनीला घरी बाप मारतो आणि आई त्याच्यावर ओरडते, म्हणून तो मैदानात झोपतो. हे कादंबरीने लपवावे अशी अपेक्षा केली, तर ज्या मुलाच्या घरी असेच घडते त्याला आपण असे सांगतो की तुझे घर पुस्तकात येण्याच्या लायकीचे नाही.

हिंसेविषयी म्हणाल, तर या पुस्तकात ती कोणालाही पचत नाही. बॉबचा खून होतो, त्यानंतर त्याच्या प्रेताशेजारी बसलेल्या जॉनीच्या तोंडी शौर्याचा एकही शब्द येत नाही. मोठी मारामारी ग्रीझर, म्हणजे पोनीबॉयच्या गरीब टोळीतली मुले जिंकतात आणि त्याच रात्री जॉनी इस्पितळात मरताना सांगतो की मारामारीने काही साधत नाही. डॅली रिकामे पिस्तूल पोलिसांवर रोखून त्यांच्या गोळ्या स्वतःवर ओढवून घेतो. जिंकण्याची चव या पानांवर कुठेही नाही. सिगरेटची बाब मात्र खरी आहे. १४ वर्षांचा पोनीबॉय सतत ओढतो आणि १९६७ च्या त्या पुस्तकाला त्यात फारसे वावगे वाटत नाही. ते आपण मुलाशी सरळ बोलावे.

पुस्तकाचे दोषही त्याच्याशी बोलता येतील. चर्चला आग लागणे आणि नेमकी तेव्हाच शाळेची सहल तिथे असणे हा योगायोग ओढूनताणून आणलेला आहे. जॉनीने मरण्यापूर्वी लिहून ठेवलेले पत्र अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांच्या, पुस्तकात आलेल्या आठ ओळींच्या कवितेचा अर्थ इतका उलगडून सांगते की कवितेला स्वतःचे बोलायला जागा उरत नाही. श्रीमंत मुलांच्या गटातली चेरी सोडली तर मुली जवळपास अदृश्य आहेत. तेरा वर्षांच्या मुलाला आवडत्या पुस्तकातली उणीव दाखवली तर तो चिडतो. त्याला स्वतः शोधायला लावली तर तो चार उणिवा जास्त काढतो.

आणखी एक. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथल्या लोन स्टार शाळेच्या ग्रंथपालबाईंनी आणि विद्यार्थ्यांनी १९८० साली दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला यांना पत्र लिहून या कादंबरीवर चित्रपट काढण्याची विनंती केली. सोबत मुलांच्या सह्या होत्या. चित्रपट १९८३ मध्ये आला. मोठी माणसे जे पुस्तक मुलांच्या हातातून काढून घेऊ पाहत होती, ते मुलांनी एका नामवंत दिग्दर्शकाच्या हातात नेऊन दिले. ही हकीकत आपल्या मुलाला नक्की आवडेल.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. मोठे होण्याविषयीची आपली पुस्तके आणि ही अमेरिकन कादंबरी यांत आपल्याला काय फरक वाटतो? माझ्या नववीच्या वर्गाला याचा काही उपयोग होईल का? (एक शिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर : फरक मला अंतराचा वाटतो. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात प्रौढ श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रात्रीमागून रात्र आपले बालपण सांगतो. सांगणारा सगळे उमगलेला आहे, आणि आई जाऊन बराच काळ लोटला आहे. म्हणून प्रत्येक आठवण कृतज्ञतेत भिजून येते. प्रकाश नारायण संतांचा लंपन बोलतो तो मुलाच्याच आवाजात, बेळगावकडच्या त्या गोड बोलीत, पण त्या आवाजामागे एका प्रौढ लेखकाचा फार सावध कान आहे. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'तला मुकुंद जोशी आणीबाणीच्या काळात नववीत आहे आणि आपले सारे घडत असतानाच सांगतो, तरी २००४ मध्ये ती कादंबरी आली तेव्हा लेखक पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. या तिन्ही पुस्तकांवर माझे प्रेम आहे आणि ती आपल्या वर्गाने वाचलीच पाहिजेत. तरीही जे वय आहे त्याच वयात राहून, पुढे काय होणार हे ठाऊक नसताना लिहिलेले असे पुस्तक आपल्याकडे मला फारसे आढळत नाही. याचे कारण आपल्या मुलांना लिहिता येत नाही हे नसावे. त्यांनी लिहिलेले आपण शुद्धलेखनाच्या खुणा करण्यासाठी वाचतो, हे असावे. हिंटन यांनाही ही कादंबरी लिहीत असलेल्या वर्षी शाळेत सर्जनशील लेखनाच्या विषयात उत्तीर्ण होण्यापुरतीच अगदी खालची श्रेणी मिळाली होती.

आपल्या वर्गासाठी या कादंबरीतलीच एक युक्ती सुचवतो. शेवटच्या प्रकरणात पोनीबॉयचा अभ्यास पार घसरलेला आहे आणि इंग्रजीचे शिक्षक त्याला म्हणतात, की एक चांगला निबंध लिहून आणलास तर तुला उत्तीर्ण करीन. विषय तू ठरव. तो कितीतरी वेळ काहीच लिहू शकत नाही. मग जॉनीचे पत्र त्याच्या हाती पडते, तो शिक्षकांना घरी फोन करतो आणि विचारतो की निबंध पाच पानांपेक्षा मोठा झाला तर चालेल का. हवा तेवढा मोठा लिही, असे उत्तर मिळते. तो लिहायला बसतो, आणि त्याच्या निबंधाचे पहिले वाक्य हेच कादंबरीचे पहिले वाक्य असते : चित्रपटगृहाच्या अंधारातून आपण लख्ख उन्हात बाहेर आलो, तेव्हाचे. आपण वाचले ते सगळे पुस्तक म्हणजे त्या मुलाचा निबंध होता, हे तेव्हा कळते.

पुढच्या आठवड्यात फळ्यावर विषय लिहू नये. ओळींची मर्यादा सांगू नये. वह्या जमा झाल्यावर पहिल्या वाचनात लाल पेन हातात घेऊ नये. वर्गातील एखादा मुलगा किंवा मुलगी तास संपल्यावर मागे रेंगाळून "बाई, जास्त झाले तर चालेल का?" असे विचारील, त्या वहीसाठी घरी एक पूर्ण संध्याकाळ मोकळी ठेवावी.